हवेची स्प्रिंग मोजणारा रॉबर्ट बॉइल, आणि एअर पिस्तुलाची ताकद

एअर पिस्तुलाची ताकद वाढवता येते का, असं मला वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याचं बहुतेक धान्याचं गोदाम असतं, नाहीतर पोल्ट्री असते. उंदीर-घुशींनी पोती फोडलेली असतात, हातात एक साधं एअर पिस्तूल असतं आणि पाच-सहा मीटरवरून मारलेला छर्रा घुशीला नुसता चाटून जातो. मग गडी म्हणतो, तू इंजिनिअर आहेस ना, सांग याचं प्रेशर कसं वाढवायचं. मी कोड लिहिणारा माणूस, माझा बंदुकीशी काय संबंध! पण या प्रश्नाचं खरं उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाकडे आहे. त्याचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. बॉइलचा नियम: तापमान स्थिर असेल तर वायूचा दाब गुणिले आकारमान ही संख्या बदलत नाही. घोकलं, मार्क मिळवले, विसरलो. ती ओळ लिहिणारा माणूस कोण होता, ते मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून आज त्याची गोष्ट, आणि पिस्तुलाचं गणित त्याच्याच ओघात.

रॉबर्ट बॉइलचा जन्म २५ जानेवारी १६२७ चा, आयर्लंडमधल्या लिझमोर किल्ल्यातला. बाप रिचर्ड बॉइल १५८८ मध्ये जवळपास रिकाम्या खिशानं आयर्लंडला आला आणि जमिनी गोळा करत करत तिथल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत जाऊन बसला. कॉर्कचा अर्ल ही पदवीही मिळवली. रॉबर्ट त्याचं चौदावं अपत्य. एवढ्या श्रीमंताचं पोर, पण बापानं त्याला तान्हेपणीच खेड्यातल्या दाईकडे वाढायला दिलं. लाडानं मुलं बिघडतात असं त्याचं मत. रॉबर्ट तीन वर्षांचा असताना आई गेली. लहानपणीच तो अडखळत बोलायला लागला आणि ते अडखळणं कधी पूर्ण गेलं नाही.

आठव्या वर्षी ईटनच्या शाळेत, बाराव्या वर्षी भावाबरोबर आणि एका शिक्षकाबरोबर युरोपच्या प्रवासाला. जिनिव्हात असताना एका रात्री विजांचं असं काही तांडव झालं की पोरगा हादरला, आणि त्या रात्रीपासून आयुष्यभर कट्टर धार्मिक राहिला. पुढे इटलीत गेला. जानेवारी १६४२ मध्ये गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळ वारला, तेव्हा पंधराव्या वर्षात शिरणारा बॉइल फ्लॉरेन्समध्येच होता. भेट झाली नाही. पण गॅलिलिओची पुस्तकं त्यानं वाचली होती. तेवढ्यात आयर्लंडमध्ये बंड पेटलं, बापाकडून येणारा पैसा बंद झाला, आणि हा १६४४ मध्ये कसाबसा इंग्लंडला परतला. लंडनमध्ये थोरली बहीण कॅथरीन होती, तिनं त्याला सांभाळलं. या बहिणीचं नाव लक्षात ठेवा.

वारशात मिळालेल्या स्टॉलब्रिजच्या वाड्यावर त्यानं प्रयोगशाळा उभी करायला घेतली. मध्ये काही काळ आयर्लंडला जाऊन विल्यम पेटीबरोबर प्राण्यांची विच्छेदनं केली. तब्येत कायम नाजूक, डोळे लवकर अधू झाले, त्यामुळे लिहिण्या-वाचण्याचं बरंचसं काम मदतनीसाला तोंडी सांगून. १६५० च्या दशकाच्या मध्यावर तो ऑक्सफर्डला आला, तिथल्या हाय स्ट्रीटवर भाड्यानं राहिला, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

एक गैरसमज आधी दूर करतो. हवेच्या बंदुका बॉइलनंतर आल्या असं नाही. युरोपात त्या त्याच्या जन्माआधीपासून होत्या. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या पदरी असलेल्या मारँ ल बुर्ज्वा नावाच्या कारागिरानं हवा दाबून गोळी मारणारी बंदूक केली होती, आणि १६०८ मध्ये तिचं वर्णन छापूनही आलं होतं. म्हणजे यंत्र आधी, नियम नंतर. कारागिराला माहीत होतं की हवा कोंबली की ती परत उसळते. किती कोंबली की किती उसळते, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. आमच्या धंद्यातही असंच असतं. प्रॉडक्शनमध्ये चालतंय ना, मग का चालतंय ते नंतर बघू.

जर्मनीत ऑटो फॉन गेरिकेनं भांड्यातली हवा उपसून काढणारा पंप केला होता. १६५७ मध्ये छापलेल्या एका पुस्तकातून ते बॉइलला कळलं. गेरिकेचा पंप पाण्याखाली ठेवावा लागे, दोन धट्टीकट्टी माणसं लागत, आणि भांड्याच्या आत काय चाललंय ते दिसत नसे. बॉइलला आत बघायचं होतं. त्यानं आधी ग्रेटोरेक्स नावाच्या लंडनच्या कारागिराकडे काम दिलं, ते जमलं नाही. मग ते काम त्याच्या विशीतल्या मदतनीसाकडे आलं, रॉबर्ट हूककडे. हो, स्प्रिंगच्या नियमाचा तोच हूक. १६५९ मध्ये हूकनं पंप उभा केला. वर साधारण तीस लिटरचा काचेचा गोल, खाली पितळी नळकांडं, त्यात दातेरी पट्टीवर मुठीनं वर-खाली होणारा दट्ट्या. त्या काळात हे यंत्र म्हणजे आजचा पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर समजा, इतकं महाग आणि इतकं बिघडणारं. कुठून ना कुठून हवा गळायचीच.

या काचेच्या गोलात बॉइलनं सापडेल ते ठेवलं. टिकटिकणारं घड्याळ ठेवलं, हवा गेली तसा आवाज विरला. मेणबत्ती ठेवली, विझली. अर्धवट हवा भरून तोंड बांधलेला कोकराचा फुगा ठेवला, तो बाहेरची हवा कमी होताच टम्म फुगला. हा शेवटचा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फुग्यात नवीन हवा कुणी भरली नव्हती. आतली हवा आधीपासूनच बाहेर ढकलत होती, बाहेरच्या हवेनं तिला रोखून धरलं होतं एवढंच. बॉइलनं हवेला लोकरीच्या गुंडाळीची उपमा दिली, दाबली की दबते आणि सोडली की उसळते. १६६० मध्ये ४३ प्रयोगांचं पुस्तक निघालं, त्याच्या नावातच हवेची स्प्रिंग हे शब्द होते.

त्या गोलात जिवंत प्राणीही गेले. एक चंडोल, ज्याचा पंख पक्षी आणायला पाठवलेल्या माणसाच्या गोळीनं मोडला होता. चिकट लेप लावून पकडलेली एक चिमणी. आणि एक उंदीर, ज्याला सापळ्यानं जखमी करण्यापेक्षा घाबरवलंच जास्त होतं, असं बॉइल आवर्जून नोंदवतो. हवा कमी होत गेली तसे ते तडफडले, वेळेत हवा सोडली तर सावरले, नाही सोडली तर मेले. एकदा पाहायला आलेल्या बायकांना पक्ष्याची दया आली आणि त्यांनी मध्येच हवा आत सोडायला लावली. पुढचा तसा प्रयोग मग रात्री, त्या नसताना उरकला. हे वाचताना मला बॉइल काही फार आवडला नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते: प्राण्याला काय होतंय ते त्यानं किती मिनिटांनी, कसं, सावरला की नाही, सगळं लिहून ठेवलं. लपवलं काहीच नाही.

आकडे आले कुठून?

पुस्तकावर टीका झाली. फ्रान्सिस लाइन नावाच्या जेझुइट पंडितानं १६६१ मध्ये लिहिलं की हवेत स्प्रिंग-बिंग काही नाही, नळीतला पारा एका अदृश्य दोरीनं वर ओढून धरलेला असतो. बॉइलनं वाद घालण्याऐवजी मोजायचं ठरवलं. इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली, आखूड टोक बंद, लांब टोक उघडं. लांब नळी इतकी उंच होती की खोलीत मावेना, म्हणून प्रयोग जिन्यात केला. पहिली नळी फुटली. पारा सांडला तर गोळा करता यावा म्हणून खाली लाकडी पेटी ठेवली होती. वरून एक जण पारा ओतणार, खालून दुसरा बंद टोकातल्या हवेची उंची वाचणार.

सुरुवातीला बंद टोकात १२ इंच हवा, आणि तिच्यावर वातावरणाचा दाब, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत २९.१ इंच. पारा ओतत ओतत हवा ६ इंचांवर आली तेव्हा एकूण दाब ५८.८ इंच. हिशोबानं यायला हवा होता ५८.३. हवा ३ इंचांवर आली तेव्हा दाब ११७.६, हिशोबानं ११६.५. असे २५ आकडे त्यानं तक्त्यात छापले आणि शेजारच्या रकान्यात, नियम खरा असेल तर काय यायला हवं, तेही छापलं. मी ते आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून पाहिले. या दोन्ही ठिकाणी चूक एक टक्क्याच्या आत आहे. जिन्यात उभं राहून, वाकड्यातिकड्या काचेच्या नळीत! हे १६६२ मध्ये छापून आलं.

बॉइलनं याला स्वतःचा नियम म्हटलं नाही. दाब आणि आकारमानाचं हे नातं रिचर्ड टाउनली या गृहस्थानं सुचवलं होतं, हे त्यानं स्पष्ट लिहिलं. आणि हूकनं मेहनत केली हेही. फ्रान्समध्ये मारियॉटनं तोच नियम पुढे १६७० च्या दशकात मांडला, म्हणून तिकडे तो मारियॉटच्या नावानं शिकवतात.

आता पिस्तूल

समजा तुमच्या पिस्तुलात एका दाबात ५० घनसेंटिमीटर हवा कोंबून अडीच घनसेंटिमीटरच्या कप्प्यात बसते. बॉइलनुसार दाब वीसपट, म्हणजे २० बार. चाप ओढला की ही हवा छऱ्याला ढकलत नळीभर पसरते. नळी ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० सेंटिमीटर लांब धरली तर तिचं आकारमान भरतं साधारण ३.२ घनसेंटिमीटर. म्हणजे हवा अडीचवरून पावणेसहापर्यंत पसरणार. तापमान स्थिर धरलं तर यातून जास्तीत जास्त ४ ज्यूल निघतात. पण इथे बॉइलच्या नियमाची मर्यादा आडवी येते. त्यानं पारा हळूहळू ओतला होता, हवेला थंड व्हायला वेळ होता. पिस्तुलात सगळं क्षणात होतं, पसरताना हवा थंड पडते, दाब आणखी घसरतो. मग उरतात साधारण साडेतीन. छऱ्यापुढची बाहेरची हवा ढकलण्यात पाव-तीस शतांश ज्यूल गेला, थोडा घर्षणात. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला सेकंदाला शंभर-एकशेदहा मीटरचा वेग मिळतो. तुमच्या हातातलं स्वस्त पिस्तूल याच्या आसपासच असतं.

नळी लांब केली तर? आधीच्याच सोप्या हिशोबानं, पहिल्या २० सेंटिमीटरनी ४ ज्यूल दिले, तर पुढचे २० देतात जेमतेम सव्वादोन, त्याच्या पुढचे २० दीड. दाब पसरण्याबरोबर पडतच जातो, त्याला इलाज नाही. आणि साठ सेंटिमीटर नळीच्या वस्तूला कुणी पिस्तूल म्हणत नाही.

हवा दुप्पट भरली तर? ऊर्जा दुप्पट होते, हे खरं. पण वेग दुप्पट होत नाही, १.४ पटच होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. आणि ती दुप्पट हवा कुणीतरी दाबायची असते. पाच चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर २० बार म्हणजे शेवटी शेवटी साधारण १०० किलो वजनाचा जोर. तरफेमुळे हाताला तो कमी लागतो, पण ४० बारला तोच २०० किलो होतो. कप्पा, सील, खिळ, सगळं पहिल्या जोरासाठी बनवलेलं असतं. म्हणून मी भावकीत सगळ्यांना एकच सांगतो, कारखान्यातून आलेला कप्पा उघडू नका. दुकानदार सांगतो तसं तेल आत सोडायचा उद्योग तर नकोच. झटकन दाबलेली हवा तापते, तेल आत पेटतं, आणि मग जे होतं ते नियंत्रणात नसतं.

गॅसच्या कॅप्सूलवर चालणाऱ्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी. त्यात द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो, द्रव शिल्लक आहे तोवर दाब किती भरलाय यावर नाही तर तापमानावर ठरतो. २० अंशाला साधारण ५७ बार, शून्याला ३५. तिथे बॉइलचा नियम लागूच होत नाही, आणि वाढवण्यासारखं तुमच्या हातात काही नसतं.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही एक सांगून टाकतो. कंपन्या वेग छापतात, आणि तो बहुतेकदा सगळ्यात हलक्या छऱ्यानं काढलेला असतो. हलका छर्रा जोरात पळतो, पण त्याच्याकडे ऊर्जा जास्त असतेच असं नाही. विकत घेताना ज्यूल विचारा. कायदाही ज्यूलच विचारतो. आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरची एअरगन लायसन्सशिवाय ठेवता येत नाही. बॉइलच्या इंग्लंडमध्ये पिस्तुलाची मर्यादा आणखी खाली, सुमारे ८ ज्यूल. ती ओलांडली की ते बंदी असलेलं शस्त्र होतं.

आणि गोदामातल्या घुशीचं काय? पाच मीटरवर प्रश्न ताकदीचा कमी आणि नेमाचा जास्त असतो. अर्धवट लागलेली घूस पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन मरते आणि चार दिवसांनी वासानं कळते. चुकलेला छर्रा पत्र्यावरून किंवा भिंतीवरून परत येतो, ताकद वाढवली तर जास्त जोरात परत येतो. माझ्या मावसभावानं शेवटी भिंतीतली बिळं काच आणि सिमेंट घालून बुजवली, पोती जमिनीपासून वर फळीवर घेतली आणि चार पिंजरे लावले. पिस्तूल आता तो डब्यांवर नेम धरायला वापरतो.

कुकरची शिट्टी आणि लंडन

बॉइलकडे परत येतो. १६६८ मध्ये तो ऑक्सफर्ड सोडून लंडनला, पॉल मॉलमध्ये बहीण कॅथरीनच्या घरी राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. लग्न केलं नाही. तिच्याच घरात त्याची प्रयोगशाळा होती. त्याच वर्षी मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, आणि पुढची काही वर्षं बॉइल त्या कंपनीच्या संचालकांत होता. बायबलच्या काही भागांचा मलय भाषेत अनुवाद छापायला त्यानं पैसे दिले ते याच काळात.

१६७० च्या दशकात डेनिस पापँ हा फ्रेंच मदतनीस त्याच्याकडे आला. दोघांनी मिळून दाबलेल्या आणि विरळ हवेवर बरेच प्रयोग केले. याच पापँनं १६७९ मध्ये हाडं मऊ शिजवणारं बंद झाकणाचं भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप लावली. आपल्या कुकरची शिट्टी त्याच झडपेच्या घराण्यातली. १६८६ मध्ये पापँनं रॉयल सोसायटीपुढे आणखी एक गंमत केली: नळीतली हवा काढून घेऊन, बाहेरच्या हवेच्या जोरावर गोळी उडवून दाखवली. उलटी एअरगन! पण वातावरणाचा दाब एकच बार. आपल्या मघाच्या नळीत हा प्रकार केला तर जेमतेम ०.३ ज्यूल मिळतील, घूस कान हलवेल फक्त. हवा उपसण्यापेक्षा कोंबण्यातच जोर आहे, हे यावरून कळतं.

रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक. १६८० मध्ये सोसायटीनं त्याला अध्यक्ष निवडलं, तर शपथ घेणं त्याच्या मनाला पटेना म्हणून त्यानं पद नाकारलं. विज्ञानाकडून त्याला काय काय हवं होतं, याची २४ कलमांची त्याची एक यादी आहे. त्यात आयुष्य लांबवणं आहे, उडण्याची कला आहे, न बुडणारी जहाजं आहेत, हलकं आणि फार कठीण चिलखत आहे. अंगावर घालायचं संरक्षण त्या यादीत आहे.

उतारवयात भेटायला येणाऱ्यांची इतकी रीघ लागली की त्यानं अमुक दिवशी अमुक वेळेला भेटणार नाही असं जाहीर करून टाकलं. डिसेंबर १६९१ मध्ये बहीण कॅथरीन गेली. आठवड्याभरात, ३१ डिसेंबरला, तोही गेला. सेंट मार्टिन इन द फील्ड्सच्या चर्चमध्ये त्याला तिच्याजवळ पुरलं. पुढे १७२० च्या दशकात ते जुनं चर्च पाडून नवीन बांधलं, आणि बॉइलची हाडं कुठे गेली त्याचा पत्ता राहिला नाही.